‘श्रीमती’ ही नोंद निदान गुरुवारपर्यंत दुरुस्त न करण्याबाबत

दिनांक : १० तारीख, मंगळवार

प्रति,
मा. अधीक्षक,
सरकारी फर्निचर कार्यशाळा,
मुख्य इमारत, पहिला मजला.

(मार्फत : आस्थापना लिपिक. अर्ज योग्य मार्गाने सादर.)

विषय : अर्जदाराच्या सेवापुस्तकातील ‘श्रीमती’ ही चुकीची नोंद कृपया चुकीचीच राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) आस्थापना शाखेचे कारणे दाखवा पत्र, ज्यात ‘आपण श्रीमती कसे झालात, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा’ असे फर्मावले आहे.
२) त्याच शाखेने जिन्यात अडवून दिलेली तोंडी समज.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, अर्जदार या कार्यशाळेच्या सुतारकाम विभागात एकतीस वर्षे नोकरीस आहे. त्यास सर्वजण ‘मोठे सुतार’ म्हणतात. ‘छोटे सुतार’ म्हणून दुसरे एक आहेत, ते अर्जदारापेक्षा वीतभर उंच आहेत, परंतु नोकरीला नंतर लागले. आपण ज्या टेबलावर हा अर्ज वाचत असाल ते टेबल अर्जदाराच्याच हातचे आहे. त्याचा उजवा ड्रॉवर दमट हवेत अडकतो आणि मागील साहेबांच्या काळात त्यात गेलेला एकही कागद बाहेर आलेला नाही. सबब हा अर्ज डाव्या ड्रॉवरमध्ये ठेवावा, ही पहिली विनंती. अर्जात ‘मी’ लिहू नये, ‘अर्जदार’ लिहावे, असे लिपिकांनी बजावल्याने तसे लिहिले आहे. लिहिताना आपण शेजारच्या कुणाबद्दल लिहितो आहोत असे वाटते, आणि त्यामुळे लाजही कमी वाटते.

२. खुलाशाची सुरुवात एका अवजारापासून करावी लागते. अर्जदार आजही जाड आणि कडक लाकडाला भोक पाडण्यासाठी जुना हातड्रिल वापरतो. या ड्रिलच्या मागच्या टोकाला लोखंडी बशीसारखी पट्टी असते, ती छातीला लावायची, अंगाचा भार टाकायचा आणि हाताने दांडा फिरवायचा. विजेचा ड्रिल येऊन जमाना झाला, पण अर्जदाराला त्याचा आवाज आणि उतावळेपणा दोन्ही आवडत नाहीत. तीन वर्षांपूर्वी अर्जदाराच्या डाव्या छातीत, बरोबर त्या पट्टीच्या जागी, एक कडक गाठ हाताला लागली. ती दुखत नव्हती. अठ्ठावीस वर्षे रेटल्यावर घट्टा पडणारच, असे अर्जदाराने स्वतःशीच ठरवून टाकले. तळहाताला घट्टे आहेत, गुडघ्यांना आहेत, मग छातीनेच काय घोडे मारले होते?

३. येथे अर्जदाराने जी चूक केली, ती एखादा सुतारच करू जाणे. माणसाला गाठ आली की तो डॉक्टरकडे जातो. अर्जदार कॅलिपर घेऊन बसला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अवजारांच्या कपाटाआड शर्टाची बटणे काढून तो गाठीचे माप घेई आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवी. आमच्या कामात इंचाचे आठ भाग करतात, त्या एका भागाला सूत म्हणतात. गाठ पहिल्यांदा मोजली तेव्हा दोन सूत होती, वर्ष संपता संपता चार सूत झाली. वाढ अगदी एकसारखी, कुठे वेडीवाकडी नाही, याचे अर्जदाराला मनातून कौतुकच वाटत होते. हे दार कपाटासह आजही जागेवर आहे व केव्हाही पाहता येईल. ड्रिल टोचतो, एवढेच सांगून अर्जदाराने गादीकाम विभागातून पट्टीला लावण्यासाठी एक छोटी उशी शिवून घेतली. ती उशी शिवणारी ज्येष्ठ कारागीर म्हणजे अर्जदाराची पत्नी. तिने मन लावून, दुहेरी टाका घालून, मखमलीची उशी शिवली. आपण नवऱ्याच्या कर्करोगाला बसायला गादी करून देतो आहोत, हे बिचारीला काय माहीत?

४. अशा स्थितीत दोन वर्षांपूर्वी लाकूड वाळवायच्या अंगणात महिला आरोग्य योजनेची तपासणी गाडी येऊन उभी राहिली. चाळिशीच्या पुढच्या सर्व महिला कर्मचाऱ्यांनी स्तनांची तपासणी करून घ्यावी, अशी सूचना फळ्यावर लागली. एकसष्ट जणींची नावे होती. गादीकाम विभाग उठला, पॉलिश विभाग उठला, भांडार विभागही कुरकुरत उठला. अर्जदाराची पत्नी मात्र जागची हलेना. आपल्याला काही होत नाही, काही दुखत नाही, खुपत नाही, उगाच विकत दुखणे कशाला घ्यायचे, असे तिचे म्हणणे होते.

अर्जदार एरवी बायकोशी वाद घालत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवशी घातला. अर्जदाराची थोरली बहीण शाळेत शिक्षिका होती. शेकडो मुलांच्या वह्यांतली बारीकशी चूक तिच्या नजरेतून सुटत नसे, पण स्वतःच्या छातीतली गाठ तिने चौदा महिने कुणाला दाखवली नाही. आपल्या अंगाचे काय सांगायचे लोकांना, असे म्हणत राहिली. सांगितले तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. तिच्या शेवटच्या दिवसांत अर्जदाराने तिला पलंगावर वाचता यावे म्हणून उतरते मेज करून दिले होते, ते तिने जेमतेम तीन आठवडे वापरले. अर्जदार हे सगळे गादीकाम विभागात, सगळ्यांसमोर, भुशाने भरलेल्या हातांनी बोलला. बोलताना त्याचा आवाज चढला, मग फुटला. त्यावर पत्नीने सुई खोचून ठेवली आणि म्हणाली, ‘‘एवढं वाटतंय ना, तर आधी तुम्ही जाऊन या. मग मी जाते.’’

५. अर्जदार गेला. ही बाब नम्रपणे कबूल करण्यात येते.

महिलांच्या रांगेत बाकावर बसलेल्या अर्जदाराला पाहून तिथे हसण्याचा जो गोंधळ उडाला, तो आपल्या कार्यालयापर्यंत ऐकू आला असेल. भांडारातल्या बाईंनी सरकून जागा दिली. पॉलिश विभागातल्या, जिला सगळे ‘चकाकी’ म्हणतात, त्या बाईने विचारले की मोठे सुतार, तुमचा कितवा महिना? नंबर आल्यावर आतली परिचारिका म्हणाली, ‘‘काका, गंमत पुरे झाली, मागे साठ जणी आहेत.’’ अर्जदार म्हणाला की गंमतच आहे, फक्त बायकोसाठी गाडीत पाच मिनिटे उभे राहू द्या, आणि तसे म्हणाल तर एक घट्टा आहे, तो हवा तर पाहा. परिचारिका हसत हसतच पुढे आली. तिने दोन बोटांनी चाचपून पाहिले आणि तिचे हसणे थांबले. हा घट्टा किती दिवसांचा, असे विचारल्यावर अर्जदाराने तिला बारा महिन्यांची मापे सुतांत, तोंडपाठ सांगितली. एवढा व्यवस्थित हिशेब ठेवणारा आणि एवढा मूर्ख माणूस आपण नोकरीत पहिल्यांदाच पाहिला, असे ती म्हणाली. हे विधान अर्जदारास मान्य आहे.

६. आता मूळ मुद्दा, म्हणजे अर्जदार श्रीमती कसा झाला. गाडीतल्या संगणकावर नाव भरण्याच्या आधीच ‘श्रीमती’ छापलेले होते आणि ते पुसता येत नव्हते. लिंग या रकान्यातही एकच उत्तर होते. परिचारिकेने क्षणभर अर्जदाराकडे पाहिले, क्षणभर पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘काका, नाव सांगा. बाकीचं देव बघेल.’’ एवढाच काय तो गुन्हा. तिच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये. करायचीच झाली तर तिच्या नावाची एक खुर्ची अर्जदार स्वखर्चाने करून देईल.

यंत्रात छाती दाबून घेण्याचा अनुभव अर्जदार येथे विस्ताराने लिहीत नाही. दाबणाऱ्या पट्टीचा कोपरा गोल केलेला नव्हता आणि यंत्र ज्याने कुणी बनवले त्याने ठेंगण्या बायका कधी पाहिलेल्या नसाव्यात, एवढे मात्र नोंदवतो. रांगेतल्या निम्म्या जणी चवड्यांवर उभ्या राहून तपासून घेत होत्या. सबब अर्जदाराने त्याच दुपारी टाकाऊ लाकडाचे दोन पायऱ्यांचे एक स्टूल ठोकून गाडीला दिले. टाकाऊ लाकूड विनापरवाना वापरल्याबद्दल आस्थापना शाखेने त्याचाही खुलासा मागवला होता. तो वेगळा सादर केला आहे.

अर्जदार गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या तोंडावरून पत्नीने काय ते ओळखले. ती उठली, केस मागे बांधले आणि अर्जदाराच्या हातातले टोकन घेऊन रांगेत जाऊन बसली.

७. पुढचे थोडक्यात. एकसष्टांपैकी अठ्ठावन्न जणींनी तपासणी केली. तिघींना पुन्हा बोलावले, त्यांपैकी दोघींना काही नव्हते. तिसरी चकाकी. तिची गाठ हाताला लागण्याइतकीही नव्हती, फक्त यंत्राच्या चित्रात दिसली. ती आज पॉलिश विभागात पूर्वीपेक्षा मोठ्याने गाते आणि त्याचीही एक तक्रार प्रलंबित आहे. अर्जदाराची पत्नी निर्धोक निघाली. आणि अर्जदाराचा घट्टा घट्टा नव्हता. तो वेळेत काढला गेला, शस्त्रक्रिया झाली, औषधे चालू आहेत. डाव्या छातीवर एक सरळ रेषा आहे, आणि शिवण बरी आहे, असे पत्नीने व्यावसायिक मत दिले आहे.

परिचारिकेने सांगितले ते असे की, बायकांना होणाऱ्या कर्करोगांत सगळ्यात जास्त आढळतो तो हाच, आणि शंभर रुग्णांमागे एखादा पुरुषही असतो. तो एखादा आपण असू, असे कुणालाच वाटत नाही, अर्जदारालाही वाटले नव्हते. बायकांनी काही दुखत नसतानाच ठरल्या वेळी तपासून घ्यायचे असते, कारण दुखायला लागेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. पुरुषांना दरवेळी यंत्रात जायची गरज नाही, पण गाठ लागली तर कॅलिपर न काढता डॉक्टर गाठावा. आम्ही सुतार मंडळी कीड लागून लाकडाचा भुसा गळायची वाट पाहत नाही. आधीच ठोकून आवाज ऐकतो. एकतीस वर्षे दुसऱ्यांची लाकडे ठोकून पाहणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये, याची अर्जदाराला अजून शरम वाटते.

८. योजनेचा संगणक आणि आपला सेवापुस्तकांचा संगणक एकमेकांशी जोडलेले असल्याने दुसऱ्याच दिवशी अर्जदार संपूर्ण कार्यशाळेत श्रीमती झाला. त्यातून त्याने गैरफायदा घेतला, असा पत्रात आरोप आहे. म्हणून सर्व फायदे प्रामाणिकपणे खाली देत आहे.

(क) अर्जदाराचे नाव महिलांच्या रस्सीखेच संघात आले. त्यास शेवटच्या जागी, दोरी कमरेला गुंडाळून उभे करण्यात आले. समोर लेखापरीक्षण कार्यालयाच्या महिला होत्या. त्यांनी अर्जदारासह आपला संपूर्ण संघ तीनदा फरफटत नेला. यात गैरफायदा कोणाचा झाला, हे आपणच ठरवावे.

(ख) सर्वात ज्येष्ठ महिला कर्मचारी म्हणून अर्जदार आपोआप महिला तक्रार निवारण समितीचा अध्यक्ष झाला. त्याने तसे नको म्हणून दोनदा लिहून दिले, ते कागद उजव्या ड्रॉवरमध्ये आहेत. समितीपुढे अकरा वर्षे पडून असलेली पहिलीच तक्रार चकाकीची होती की, सुतारकाम विभागातला भुसा उडून ओल्या पॉलिशवर बसतो व मोठे सुतार दाद देत नाहीत. अध्यक्षांनी मोठ्या सुतारास समक्ष बोलावले. सुताराचे उत्तर उद्धटपणाचे आणि असमाधानकारक वाटले. चार दिवसांत मध्ये फळ्यांची भिंत उभारावी, असा आदेश अध्यक्षांनी दिला आणि सुताराने तो कुरकुरत पाळला. भिंत चांगली झाली आहे. अध्यक्ष आणि सुतार यांच्यात त्यानंतर दोन दिवस बोलणे नव्हते.

(ग) अर्जदार महिला ठरल्याने संगणकाला अर्जदाराच्या पत्नीचा पती सापडेना. त्याने तिच्या नावे पतिनिधनाबद्दल हळहळ व्यक्त करणारे पत्र काढले व मृत्यूचा दाखला मागितला. अर्जदार समोर भात कालवत बसला होता. पत्नीने ते पत्र त्याच्याचकडून मोठ्याने वाचून घेतले. दोघे इतके हसले की शेजारीण भिंतीवर थापा मारू लागली. मग हसता हसता पत्नीच्या डोळ्यांना धार लागली, कारण ते पत्र खरे ठरायला फार काही लागले नसते. ती गाडी एक वर्ष उशिरा आली असती तरी पुरले असते. पत्र तिने जपून ठेवले आहे आणि भांडण झाले की काढते.

(घ) महिला कर्मचाऱ्यांना संध्याकाळी पाव तास आधी सोडतात. सव्वीस वर्षे पत्नी पुढे जात असे आणि अर्जदार मागून. आता दोघे बरोबर जातात. फाटकापासून पुलापर्यंत ती बोलते, पुलापासून घरापर्यंत अर्जदार बोलतो. हा एकच फायदा खरा आहे आणि तो अर्जदाराने पुरेपूर घेतला आहे, हे नाकारता येत नाही.

९. गेल्या महिन्यात नोंदशुद्धी मोहीम सुरू झाली. आपले आस्थापना लिपिक हे अत्यंत कर्तव्यदक्ष गृहस्थ आहेत. ते चहाच्या कपाखालीसुद्धा पावती शोधतात. त्यांनी अर्जदाराची नोंद पकडली आणि पाहूया तरी काय होते म्हणून एक दिवसापुरती दुरुस्त केली. सकाळी दहा वाजता अर्जदार श्री झाला. साडेदहाला फोनवर संदेश आला : ‘पात्रता संपुष्टात. फेरतपासणी रद्द.’ अर्जदार तसाच मोठ्या रुग्णालयात गेला. पुरुषांच्या खिडकीने महिला विभागाकडे पाठवले. महिला विभागाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने, पुरुषांनी बाहेर थांबावे, असे सांगून बाकावर बसवले. अर्जदार त्या बाकावर चार तास बसला. आजूबाजूला बायकोची, बहिणीची, आईची वाट पाहणारे पुरुष होते. त्यांतल्या एकाने विचारले की तुमचं कोण आत आहे? अर्जदाराने फोनवरचा संदेश पुन्हा उघडून पाहिला. शेवटी गाडीतल्याच परिचारिकेने खटपट करून नोंद पुन्हा चुकीची करून दिली, तेव्हा कुठे गुरुवारची वेळ परत मिळाली.

या गुरुवारी, १२ तारखेला, तीच गाडी त्याच अंगणात येणार आहे. अर्जदाराची दोन वर्षांची फेरतपासणी त्या दिवशी आहे. गेले काही दिवस उजव्या बाजूला काहीतरी हाताला लागल्यासारखे वाटते. असेल किंवा नसेल. या वेळी अर्जदाराने मोजलेले नाही. कॅलिपर पत्नीने कुलपात ठेवला आहे. सात दिवसांची मुदत मात्र उद्या, बुधवारी, संपते, आणि उद्या नोंद शुद्ध झाली की परवा गाडीचे दार बंद होईल.

१०. काल याच प्रकरणी लिपिकांसमोर अर्जदाराची सुनावणी झाली. त्यांनी परिचारिकेचा अहवाल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. गाठ कुठे होती, कशी होती, हलत होती की नाही, हे वाचताना ते हळू हळू वाचू लागले. मग त्यांनी फाइल मिटली. उठून दार लावले. त्यानंतर त्यांनी जे विचारले ते कारणे दाखवा पत्रातल्या कोणत्याही मुद्द्याला धरून नव्हते. अर्जदार समितीचा अध्यक्ष असल्याने गोपनीयतेने बांधलेला आहे आणि याहून अधिक काही लिहू शकत नाही. सुनावणी पाऊण तास चालली व शेवटी लिपिकांनी अर्जदाराला स्वतःच्या डब्यातले अर्धे सफरचंद दिले. असे त्यांनी यापूर्वी कुणालाही दिल्याचे ऐकिवात नाही.

११. सबब विनंती की :

अर्जदाराची ‘श्रीमती’ ही नोंद निदान गुरुवार संध्याकाळपर्यंत, आणि साहेबांच्या मनात आले तर डॉक्टरांनी सांगितलेली फेरतपासणीची पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत, कृपया दुरुस्त करू नये.

दुरुस्त करणे भागच असेल तर योजनेकडे लिहून, त्यांच्या फॉर्मवर ‘छातीत गाठ लागलेला पुरुष’ असा एक रकाना वाढवून घ्यावा. रकाना छोटा चालेल. शंभरात एकच लागेल, पण ज्याला लागेल त्याला तो पूर्ण लागेल.

समितीचे अध्यक्षपद चकाकीस द्यावे. ते बायकांचे आहे, अर्जदाराने फक्त भिंत होईपर्यंत सांभाळले.

ज्या तिघी गाडीत गेल्या नाहीत, त्यांना गुरुवारी कामातून मोकळे करावे व कुणीतरी सोबत पाठवावे. तिघींपैकी दोघी भीतीने आणि एक भांडणामुळे राहिली होती. भांडण अर्जदाराने मिटवले आहे.

आणि संध्याकाळचा पाव तास. तो परत घेण्यास अर्जदाराची हरकत नाही. फक्त एकदम घेऊ नये, आठवड्याला एक मिनिट या गतीने घ्यावा, म्हणजे पुलापर्यंतचे बोलणे तुटणार नाही.

अर्जदाराने आजवर साहेबांच्या कार्यालयास एकशे चाळीस टेबले, चारशेच्या वर खुर्च्या आणि एक डगमगणारे टेबल दिले आहे. ते डगमगणारे परत घेऊन नीट करून देण्याची संधी अर्जदाराला मिळावी, एवढ्यासाठी तरी तो आणखी काही वर्षे धडधाकट असणे कार्यालयाच्या हिताचे आहे.

आपल्या टेबलाइतकाच आपला,

(सही)
मोठे सुतार
सुतारकाम विभाग
(तूर्त श्रीमती)

सोबत जोडले आहे :
१. परिचारिकेच्या अहवालाची प्रत.
२. कपाटाच्या दारावरील मापांची नक्कल (मूळ दार जागेवर).
३. दोन पायऱ्यांच्या स्टुलाचा आराखडा. आणखी चार गाड्यांनी तसे स्टूल मागितले आहे.
४. अर्जदाराच्या निधनाबद्दल हळहळ व्यक्त करणारे पत्र (पत्नीच्या परवानगीने, पाहून परत करावे).
५. मखमली उशी. ही पुरावा म्हणून सादर असून परत नको.

आस्थापना शाखेचा शेरा :

अर्ज तपासला. अर्जदाराचे म्हणणे कोणत्याही नियमात बसत नाही. नोंद निखालस चुकीची आहे. तथापि तिची दुरुस्ती गुरुवारपूर्वी करू नये, अशी या शाखेची शिफारस आहे. मुदत या शाखेने आपल्या अधिकारात वाढवली आहे.

तसेच या शेऱ्याखाली सही करणाऱ्या इसमाच्या उजव्या छातीत आठ महिन्यांपासून एक गाठ आहे. दुखत नसल्याने व लाज वाटल्याने कुणाला दाखवलेली नाही, घरीसुद्धा नाही. नसेलही काही. परंतु गाडी गुरुवारी येते आहे व नंतर वर्षभर येणार नाही. तरी सही करणाऱ्याच्या सेवापुस्तकातही तात्काळ ‘श्रीमती’ अशी चुकीची नोंद करण्यास मंजुरी मिळावी. स्वतःची नोंद स्वतः करता येत नाही, असा नियम आहे, नाहीतर साहेबांना त्रास दिला नसता.

मोठे सुतार रांगेत शेजारी बसायला तयार आहेत.

कृपया हा कागद डाव्या ड्रॉवरमध्ये ठेवावा.

(सही)
आस्थापना लिपिक